लय कोणाच्या हाती? : वाशीमकडची भजनी मंडळे आणि त्यांच्या धुरकऱ्यांचे शिक्षण

गेली काही वर्षे मालेगाव, रिसोड आणि मंगरूळपीर या तालुक्यांतल्या भजनी मंडळांशी बोलताना मी एक प्रश्न हटकून विचारत आलो : तुमचं भजन चालवतं कोण? एका गावच्या विठ्ठल मंदिरात एकाच संध्याकाळी या प्रश्नाची चार उत्तरे मिळाली. टाळकऱ्यांनी मृदंगवाल्याकडे बोट केले. मृदंगवाले म्हणाले, चाल म्हणणारे बुवा नेतील तिकडे आम्ही जातो. बुवा म्हणाले, वीणा ज्याच्या गळ्यात तो मालक. आणि वीणेकरी, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, हसून म्हणाले, "राजेहो, म्या तं नुसता उभा रायतो."

हे चौथे उत्तर मला बरेच दिवस पुरले. कारण पुढच्याच अभंगात, लय दुगणीत जाताना दोन टाळकरी मागे पडले, तेव्हा त्या वीणेकऱ्यांनी काहीही न बोलता एक पाऊल जरा जोरात टाकले आणि दोघेही जागेवर आले. मृदंगवाल्याने ते पाहिले आणि ठेका किंचित सैल सोडला. बुवांनी ओळ पुन्हा घेतली. मिनिटाभरात तिघांनी मिळून एक चूक दुरुस्त केली होती आणि श्रोत्यांपैकी कोणाच्या ते लक्षातही आले नसावे.

पाश्चात्त्य वाद्यवृंदात हे काम एका माणसाकडे असते. तो श्रोत्यांकडे पाठ करून उभा राहतो, स्वतः एकही सूर वाजवत नाही आणि हातातल्या काडीने सगळ्यांना चालवतो. ही व्यवस्थाही फार जुनी नाही. सतराव्या शतकात फ्रान्सच्या दरबारातला संगीतकार लुली जमिनीवर जड काठी आपटून ताल देत असे. १६८७च्या जानेवारीत ती काठी त्याच्याच पायावर बसली, जखम चिघळली आणि मार्चमध्ये तो वारला. काठीची काडी झाली ती पुढे एकोणिसाव्या शतकात. तिकडच्या संचालकांवर पुस्तके आहेत, त्यांच्यासाठी विद्यालये आहेत. आपल्याकडच्या मेळ चालवणाऱ्यांबद्दल मात्र फारसे लिहिलेले सापडत नाही. कीर्तनकारांवर लिहिले गेले, संतांवर तर अमाप. पण पंधरा-वीस टाळ एका जिवाने वाजवून घेणारा माणूस ते शिकतो कुठे, आणि शिकल्यावर आणखी सुधारतो कसा, हा प्रश्न कोणी फारसा विचारलेला दिसत नाही. आमच्याकडे बैलगाडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. भजन हाकणाऱ्यांसाठी मी या लेखात तोच शब्द वापरणार आहे, कारण संचालक म्हटले की आमच्या भागात पतसंस्था डोळ्यांपुढे येते.

आधी या धुरकऱ्यांची कामे पाहू. दिंडीची रचना वाचकांना परिचित असेल : पुढे पताका, त्यामागे टाळकऱ्यांच्या दोन रांगा, रांगांच्या मधे मृदंग, त्यामागे वीणेकरी आणि मग तुळशीवाल्या महिला. ही रचना दिसायला देखणी आहे, पण ती तशी असण्याला कारणही आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे मृदंगापासून ३४ मीटरवर उभ्या असलेल्या टाळकऱ्याला थाप एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येते. मिनिटाला १२० टाळ पडत असतील तर दोन टाळांमध्ये अर्धाच सेकंद असतो, त्यातला पाचवा हिस्सा असा वाटेत गेला. रुडॉल्फ राश या डच संशोधकाने १९७९ साली तीन-तीन वादकांच्या मेळांची मोजणी प्रसिद्ध केली. मुरलेल्या वादकांतही साधारण तीस ते पन्नास सहस्रांश सेकंदांचा फरक राहतोच, असे त्यात दिसले. पण एक दशांश म्हणजे त्याच्या दुप्पट-तिप्पट. इतका फरक कानाला टोचतो. म्हणून मृदंग मधे हवा, रांगा आखूड हव्यात आणि शेवटच्या टाळकऱ्याला मृदंगवाल्याचा हात दिसला पाहिजे. लांबचा टाळकरी कानाने वाजवायला गेला की मागे पडतो, डोळ्याने वाजवणारा बरोबर राहतो. पावलीचाही उपयोग हाच. पन्नास माणसांची पावले एकदम उचलली जातात तेव्हा प्रत्येकाला समोरच्या रांगेत ताल दिसत असतो. हे गणित गावात कोणी मांडत नाही. "कानानं नोको, डोयानं वाजव," एवढे मात्र जुने टाळकरी पोरांना सांगतात.

मृदंगवाल्याकडे लय असते, पण पट्टी नसते. पट्टी गाणाऱ्याची. बुवा काळी एकमध्ये गाणार असतील तर मृदंगाची शाईची बाजू हातोडीने गठ्ठे ठोकून तिथे आणावी लागते. डाव्या बाजूला लावलेली कणीक आमच्या उन्हाळ्यात तासाभरात वाळते, तिला पाण्याचा हात लावत राहावे लागते. कीर्तनात आणखी एक अवघड काम असते, ते प्रमाण उचलण्याचे. कीर्तनकार निरूपणाच्या ओघात एखाद्या अभंगाचे पहिले दोन शब्द उच्चारतो आणि मागच्या गायकाने त्याच क्षणी तो अभंग ओळखून, चाल ठरवून, पट्टी धरून उचलायचा असतो. मृदंगवाल्याने ठेका ओळखायचा तो त्या गायकाच्या पहिल्या अक्षरावरून. इथे कोणी काडी हलवत नाही. कीर्तनकार फार तर हात पुढे करतो. एका रात्रीत असे पंधरा-वीस प्रसंग येतात आणि त्यांतला एकही आधी ठरलेला नसतो.

आता ही माणसे शिकतात कुठे? ठरलेले उत्तर आळंदी हे आहे. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. चार वर्षांचा अभ्यास, माधुकरीवर राहणे, पाठांतर, गायन, मृदंग. आज विदर्भातल्या गावोगावच्या सप्ताहांत उभे राहणारे कितीतरी कीर्तनकार आणि मृदंगाचार्य या संस्थेतून किंवा तिच्या धर्तीवर निघालेल्या संस्थांतून तयार झालेले असतात. पण मी ज्यांच्याशी बोललो त्या गावातल्या धुरकऱ्यांपैकी फार थोडे आळंदीला राहिले होते. बाकीचे शेतकरी, एखादा शिक्षक, एखादा एसटीतून निवृत्त झालेला. त्यांची शाळा म्हणजे सप्ताह.

अखंड हरिनाम सप्ताहाकडे आपण धार्मिक कार्यक्रम म्हणून पाहतो. मेळ चालवणाऱ्यांच्या दृष्टीने ते सात दिवसांचे निवासी शिबिर असते. पहाटे काकडा, मग पारायण, दुपारी गाथा भजन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. या सगळ्या काळात वीणा एकदाही जमिनीवर टेकवायची नसते. पहारे लागतात, बहुधा दोन-दोन तासांचे. नवा पहारेकरी येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. रात्री दोन वाजता मंडपात चार-सहाच माणसे असतात. मी पहिल्यांदा चाल म्हणायला शिकलो ते अशाच वेळी. दिवसा माझ्यासारख्याला कोणी पुढे येऊ दिले नसते. रात्री दुसरा कोणी नव्हता म्हणून दिले, चुकलो तरी ऐकणारे पेंगत होते. अनेकांनी मला हेच सांगितले. जागराचे पहारे हे शिकाऊ माणसाचे पहारे असतात आणि जुने वीणेकरी ते ओळखून मुद्दाम त्या वेळेला येऊन बसतात. शेजारच्या गावांची मंडळीही येतात. आज तुमच्याकडचा काकडा आम्ही करतो, परवा आमच्याकडचा हरिपाठ तुम्ही करा, अशी देवघेव ठरलेली असते. मंडळाने मंडळाला दिलेली हाक म्हणून ती पाळली जाते, पण तिचा खरा फायदा असा, की प्रत्येक गावच्या धुरकऱ्याला वर्षातून चार-सहा वेळा दुसऱ्याच्या हाताखाली नुसते टाळकरी व्हावे लागते.

याचे महत्त्व मला माझ्याच एका चुकीतून कळले. मध्यंतरी दोन-तीन वर्षे गावचा हरिपाठ माझ्याकडे होता. मी समजत होतो की तो उत्तम चालतो. माणसे जमत, पावली होई, शेवटाला चांगला रंग चढे. एका सप्ताहात शेजारच्या गावचे मृदंगवाले आमच्याकडे वाजवायला आले. हरिपाठ संपल्यावर त्यांनी मला मंडपाच्या मागे नेले आणि म्हणाले, "भाऊ, लय पयून रायली. चौथ्या अभंगापासून मी तुमच्या मांगं धावतो." मला राग आला. मी आमच्या टाळकऱ्यांना विचारले तेव्हा सगळे गप्प बसले आणि मग एकेक कबूल करू लागले : दोन वर्षांपासून असेच आहे, म्हाताऱ्यांनी पावली सोडली ती याच कारणाने. म्हणजे सगळ्यांना माहीत होते आणि मला कोणी सांगितले नव्हते. का, याचे उत्तर सोपे आहे. हरिपाठ घेणाऱ्याला लोक माउली म्हणतात, त्याच्या पाया पडतात. पाया पडल्यावर "तुमची लय पळते" असे कोण म्हणणार? जो बाहेरच्या गावचा होता आणि माझ्याच कामाचा होता, तोच ते म्हणू शकला.

लय पळण्याचे कारण नंतर शोधले. मी प्रत्येक चरणाच्या शेवटी श्वास अपुरा घेत होतो आणि पुढची ओळ अर्धी मात्रा आधी उचलत होतो. टाळकरी माझ्यावर विसंबून तेवढे पुढे सरकत. सत्तावीस अभंगांत अशा अर्ध्या-अर्ध्या मात्रा किती साचतात याचा हिशेब वाचकांनीच करावा. उपायही त्या मृदंगवाल्यांनीच सांगितला : महिनाभर हरिपाठ घ्यायचा नाही, रांगेत टाळ घेऊन उभे राहायचे आणि दुसरा कोणी घेताना आपला हात कुठे घाई करतो ते पाहायचे.

पुढे झुबिन मेहता यांच्याविषयी वाचताना मला याची आठवण झाली. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, म्हणजे घरातच वाद्यवृंद होता. १९५४ साली मुलगा व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे वृंदसंचालन शिकायला गेला. तिथे मोठमोठ्या संचालकांच्या तालमी बाहेरच्यांना पाहू देत नसत. मग मेहता आणि त्यांचे सहाध्यायी क्लाउदिओ अब्बादो यांनी एक युक्ती केली. दोघेही तिथल्या प्रसिद्ध समूहगायन संघात खर्जाचे गायक म्हणून दाखल झाले. गायकांना तालमीला बसावेच लागते. अशा रीतीने ब्रूनो वॉल्टर, कारायान यांच्यासारख्यांचे हात त्यांनी समोरून, गाणाऱ्यांच्या बाजूने पाहिले. श्रोत्याला संचालकाची पाठ दिसते, रांगेतल्या माणसाला चेहरा. आमच्या मृदंगवाल्यांनी व्हिएन्नाचे नावही ऐकले नसेल, पण त्यांनी मला नेमके तिथेच नेऊन उभे केले होते.

धुरकऱ्याची चूक त्याला सांगायची कशी, यावर वारकरी परंपरेने स्वतःचा एक उपाय फार पूर्वीच काढून ठेवला आहे. तो पाहायचा तर माउलींच्या पालखीच्या मुक्कामी जावे. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीच्या सोहळ्याला शिस्त लावली. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी होते, म्हणून या शिस्तीत लष्करी वळण दिसते असे म्हणण्याची पद्धत आहे. रथापुढच्या २७ दिंड्या, त्यांचे क्रमांक, वारांचे अभंग, कोणत्या वेळी काय म्हणायचे, हे सगळे ठरलेले. संध्याकाळी तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चोप वर करतो आणि एका क्षणात सगळे थांबते. ज्याने ती शांतता ऐकली आहे तो ती विसरत नाही. लुलीची काठी जमिनीवर आपटायची, ही नुसती वर जाते. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी थांबत नाही, टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातो, तक्रार ऐकून घेतो, तिचा निवाडा होतो आणि त्यानंतरच आरती पुढे सरकते. जगातल्या कोणत्याही वाद्यवृंदात संचालकाने हात वर केल्यावर वाजवत राहण्याचा असा अधिकार वादकांना असल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. इथे तो रिवाज आहे आणि त्याने चोपदाराचा मान कमी होत नाही.

आमच्या जिल्ह्यातून माउलींची पालखी जात नाही, पण शेगावची जाते. श्री गजानन महाराजांची पालखी पातूर ओलांडून मेडशीला आमच्या हद्दीत शिरते आणि मालेगाव, शिरपूर, रिसोड करत सेनगाव-नर्सीकडे, म्हणजे नामदेवांच्या जन्मगावाच्या बाजूला, हिंगोली जिल्ह्यात उतरते. आषाढीच्या आधीचे ते दिवस आमच्या धुरकऱ्यांना शिकण्याचे असतात. एका गावचे मृदंगवाले दरवर्षी मेडशी ते मालेगाव चालतात. दर्शनाला म्हणून निघतात, पण डोळे सगळे मृदंगाच्या हातांवर. पांढऱ्या वेषातले, सारख्या अंतराने चालणारे ते टाळकरी चढावर लय कशी धरतात, हे त्यांना पाहायचे असते. चढावर दम लागतो, पावले आखूड होतात, तरी टाळ तोच राहिला पाहिजे. "चढावर मृदंग हलका वाजवतात, तेवढंच," हा त्यांनी तीन वर्षांच्या पाहणीतून काढलेला निष्कर्ष. हलका वाजला की टाळकरी ऐकण्यासाठी आपले टाळही हळू करतात, श्वास वाचतो, लय टिकते. हे मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही आणि मला ते बरोबर वाटते.

वारकरी भजनाशेजारी आमच्याकडे दुसराही प्रवाह आहे, खंजिरीचा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा वऱ्हाडात गावोगाव पोहोचल्या. खंजिरी भजनात नेतृत्वाची विभागणी नसते. जो गातो त्याच्याच हातात खंजिरी, म्हणजे सूर आणि लय दोन्ही एकाकडे. मागे पेटी, तबला किंवा ढोलक, टाळ आणि ओळ उचलणारे. हे काम शिकायला अधिक कठीण, पण चुकले तर लगेच कळते, कारण दोष द्यायला दुसरा कोणी नसतो. खंजिरी भजनाच्या स्पर्धा आमच्या भागात नित्याच्या आहेत. स्पर्धांबद्दल माझे मत संमिश्र आहे. गोव्यात कला अकादमी मनोहरबुवा शिरगांवकर यांच्या स्मृत्यर्थ भजनी स्पर्धा घेते, त्यात पुरुष, महिला आणि मुले असे वेगळे गट असतात. कोकणात आणि मुंबईच्या चाळींत डबलबारी रंगते, दोन बुवा समोरासमोर बसतात आणि एकाच्या चालीला दुसरा उत्तर देतो. डबलबारीत बुवाला समोरच्याचे ऐकावेच लागते, नाहीतर उत्तर कशाला देणार? आमच्याकडच्या स्पर्धांत मात्र मी वारंवार पाहिले, की मंडळ आपले भजन म्हणते, सामान बांधते आणि निकालाच्या वेळेपर्यंत चहाच्या टपरीवर थांबते. दुसऱ्या मंडळांचे भजन ऐकायला बसणारे थोडे. परीक्षक गुण देतात, पण का दिले ते सांगत नाहीत. सुधारणा व्हायची तर एवढ्या दोन गोष्टी बदलल्या तरी पुरे : सगळ्यांना शेवटपर्यंत बसायला लावा आणि परीक्षकांना दहा मिनिटे बोलू द्या.

मानोरा तालुक्यात, पोहरादेवीच्या आजूबाजूच्या तांड्यांवर, फाल्गुनात लेंगी ऐकायला मिळते. बंजारा समाजाचे हे होळीचे गाणे. डफ वाजतो, माणसे गोल धरतात, एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे ती उचलतात. तिथे मला दिसले ते असे, की ओळ टाकणारा रात्रभर एकच नसतो. एक थकला की गोलातूनच दुसरा सुरू करतो, आणि कोणी कोणाला नेमलेले नसते. गोल आकारात सगळ्यांना सगळ्यांचे चेहरे दिसतात, हेही त्याचे कारण असावे. या विषयावर बंजारा समाजातल्याच कोणी तरी सविस्तर लिहायला हवे; मी पाहुणा म्हणून पाहिले तेवढे सांगितले.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत सर्वांत जास्त शिकताना मी पाहिली ती महिलांची भजनी मंडळे. बऱ्याच गावांत पुरुषांच्या रांगेत बायकांना टाळ घेऊन उभे राहू देत नसत, काही ठिकाणी आजही देत नाहीत. म्हणून त्यांनी स्वतःची मंडळे काढली. त्यांच्यापुढची पहिली अडचण पट्टीची. बायका काळी चार-काळी पाचला गातात, आणि मंदिरातला मृदंग असतो पुरुषांच्या पट्टीचा. मोठ्या तोंडाचा मृदंग ओढून ओढून किती चढवणार? पुडी फाटते. लहान तोंडाचा वेगळा मृदंग लागतो आणि त्याला पैसे लागतात. एका मंडळाने दोन हंगाम सोयाबीन सोंगणीच्या मजुरीतून थोडे थोडे बाजूला काढून तो घेतला. दुसरी अडचण गुरूची. मृदंग शिकवायला कोणी नव्हते, तेव्हा त्यांच्यातल्या एकीने भावाकडून आठ दिवसांत ठेका शिकून घेतला आणि बाकीच्यांना शिकवला. त्या आपले भजन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करतात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या मिळून ऐकतात. मी एकदा त्या बैठकीला होतो. चाल म्हणणाऱ्या बाईंना त्यांच्या सुनेच्या वयाच्या मुलीने सांगितले, "काकू, इथं तुमचा सूर उतरला." काकूंनी ते ठिकाण पुन्हा लावायला सांगितले, ऐकले आणि म्हणाल्या, "हो वं, उतरला." मग पुढे गेल्या. मला माझी दोन वर्षे आठवली.

पुरुषांच्या मंडळांत उलट घडते आहे. सप्ताहाला आता बाहेरून संच बोलावतात : गायनाचार्य, मृदंगाचार्य, पेटीवाला, सोबत मोठा ध्वनिक्षेपक. ते तयारीचे असतात यात शंका नाही. पण ते रागदारीच्या ताना घेत असताना गावचे टाळकरी टाळ खाली करून ऐकत बसतात. मंडपाच्या दोन टोकांना कर्णे लावले की मृदंग पुढून एकदा आणि कर्ण्यातून एकदा असा दोनदा ऐकू येतो. मघाचे गणित इथे पुन्हा लागू होते, आणि मागच्या रांगेत टाळ जुळणे अशक्य होऊन बसते. टाळकऱ्यांना वाटते आपल्यालाच जमत नाही. ते पुढच्या वर्षी येत नाहीत. मग गावात टाळकरी उरले नाहीत म्हणून संच बोलवावा लागतो. हे चक्र मी चार गावांत पाहिले. दोष संचाच्या माणसांचा नाही, त्यांना बोलावणाऱ्या आम्हा सगळ्यांचा आहे. आळंदीहून शिकून आलेल्या मुलांनाही गावात राहून पोरांना टाळ शिकवण्यापेक्षा संचाबरोबर फिरणे परवडते, आणि पोटाचा प्रश्न असताना त्यांना कोण नावे ठेवणार?

आमच्या भागातल्या तीन गावांनी गेल्या वर्षी आपसांत एक ठराव केला. रात्रीच्या कीर्तनाला संच येईल, पण काकडा, हरिपाठ आणि जागर गावच्याच माणसांनी करायचा, ध्वनिक्षेपकाशिवाय. प्रत्येक गावच्या बुवाने आणि मृदंगवाल्याने इतर दोन्ही गावांत एक-एक दिवस रांगेत टाळकरी म्हणून उभे राहायचे. आणि काल्याच्या दिवशी, महाप्रसाद वाढायच्या आधी, धुरकऱ्यांनी मंडपामागे बसून एकमेकांना सांगायचे. पहिल्या वर्षी त्या बैठकीत बराच वेळ कोणीच बोलले नाही. शेवटी एका मृदंगवाल्याने सुरुवात केली ती स्वतःपासून : तिसऱ्या दिवशी काकड्याला माझी कणीक सुटली होती, ठेका भरकटला, तुम्ही सांभाळून घेतला. मग बाकीचे बोलते झाले. एका गावात हरिपाठाला सात टाळकरी होते, तिथे सप्ताह संपताना अकरा झाले. त्यातले दोघे शाळकरी आहेत आणि एक जण तोच म्हातारा, ज्याने माझ्या घाईमुळे पावली सोडली होती.

यंदाचा सप्ताह आमच्या गावी आहे. पहाऱ्यांची यादी मंदिराच्या खांबाला लावली आहे. दिवसाचे सगळे पहारे भरले, रात्री दोन ते चारची जागा अजून रिकामी आहे. महिला मंडळाने ती मागितली आहे, आणि येत्या एकादशीला त्यावर बैठक ठेवली आहे.